विटांचे पापुद्रे उडताहेत, वरून पुन्हा सिमेंट चढवू का?

धुळ्याहून एका ताईंनी लिहिलं आहे: "आमचं घर गावातल्या जुन्या गल्लीत आहे. नव्वदेक वर्षांचं असेल. रस्त्याकडची बाजू २४ फूट रुंद, २६ फूट उंच. खाली काळ्या दगडाचा जोता, वर चुन्यात बांधलेली लाल वीट. तळमजल्यावर दोन दुकानं भाड्याने आहेत. रस्ता दोनदा काँक्रीट होऊन वर आला, जोता निम्मा बुडाला. बारा वर्षांपूर्वी ओल येते म्हणून रस्त्यापासून चार फुटांपर्यंत सिमेंटचं प्लास्टर केलं आणि वरच्या मजल्याच्या दर्जाही (विटांमधल्या सांध्यांच्या फटी) सिमेंटने भरून घेतल्या. आता ओल सहा फुटांवर चढली आहे. वरच्या विटांचे पापुद्रे उडून ओट्यावर रोज लाल भुगा पडतो, दर्जा मात्र तशाच उभ्या आहेत. कठड्यात पिंपळ उगवलाय. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग गेली आहे. मे महिन्यात तिच्यात नाणं जायचं, आता पावसात जात नाही. ठेकेदार म्हणतो, सगळ्यावर जाळी मारून सिमेंट प्लास्टर करू, वरून वॉटरप्रूफ रंग, 'बठ्ठं ठीक व्हई जाई' (सगळं ठीक होईल). दीर म्हणतात, पाडूनच टाकू. काय करावं?"

ताई, ठेकेदाराला आधी थांबवा. तो सुचवतो आहे ते म्हणजे बारा वर्षांपूर्वी झालेली चूक अख्ख्या भिंतीवर पसरवणं.

"दर्जा मात्र तशाच उभ्या" हे तुमचं एक वाक्य आम्हाला निदानाला पुरलं. चुन्यात बांधलेली जुनी भिंत पावसाचं आणि जमिनीचं पाणी पीत असते आणि ऊन पडलं की सोडत असते. ते बाहेर पडायची वाट विटांमधल्या मऊ दर्जांतून असते. चुना विटेपेक्षा मऊ असतो, म्हणून झीज व्हायची ती दर्जेची होते, वीट शाबूत राहते. पन्नासेक वर्षांनी दर्ज पुन्हा भरायची, की झालं. तुमच्याकडे दर्जेत सिमेंट गेलं, ते विटेपेक्षा कठीण आणि पाणी अडवणारं. आता पाण्याला बाहेर यायला वीट तेवढी उरली. पाण्यासोबत क्षार येतात, विटेच्या कातडीच्या आत दोन-चार मिलिमीटरवर त्यांचे खडे जमतात, फुगतात आणि वरचा पापुद्रा ढकलून देतात. भाजताना विटेची वरची कातडी सगळ्यात पक्की झालेली असते. ती गेली की आतली वीट आणखी पाणी पिते, म्हणून भुगा दरवर्षी वाढत जातो. खालच्या प्लास्टरचंही हेच. त्याने ओल थांबवली नाही, फक्त तिला वाळू दिलं नाही. मग ती उघडी वीट सापडेपर्यंत वर चढली. चार फुटांचं प्लास्टर आणि सहा फुटांवर ओल, हा हिशोब असा जुळतो. प्लास्टर आणखी वर नेलंत तर ओलही आणखी वर सरकेल.

दिरांच्या म्हणण्याबद्दल: तुम्ही लिहिलेल्यात घर पाडण्याचं कारण एकही नाही. भिंत मधूनच पोट काढून बाहेर आली असेल, एका मजल्याच्या उंचीत ओळंब्यातून (सरळ उभ्या रेषेतून) इंचाहून जास्त गेली असेल, तुळयांची टोकं भिंतीत सडून खाली बसली असतील किंवा १५ मिलिमीटरपेक्षा रुंद भेग वाढत चालली असेल, तर दुरुस्तीआधी इंजिनिअर, टेकू आणि रिकामी खोली, हा क्रम. ओळंबा सोडून बघणं अर्ध्या तासाचं काम आहे. गच्चीवरून दोरा सोडा, दर तीन फुटांवर दोरा ते भिंत अंतर पट्टीने मोजा, वहीत लिहा. हे माप आधी घ्या, बाकीचं नंतर.

पत्र पावसात आलं हे बरं झालं. भिंतीचं खरं दुखणं उन्हाळ्यात दिसत नाही. जोराचा पाऊस लागला की छत्री घेऊन समोरच्या ओट्यावर उभ्या राहा आणि अर्धा तास फक्त पाणी कुठून कुठे जातं ते बघा. गच्चीचा पन्हाळ भिंतीपासून लांब पडतोय की भिंतीवरून ओघळतोय? प्लास्टिकच्या पाइपाचा सांधा निसटून मागच्या मागे भिंत भिजतेय का? कठड्याच्या माथ्यावर पाणी साचतंय का? सज्ज्याच्या कडेवरून आत वळतंय का? दुकानांच्या पाट्यांमागे, वायरींच्या खिळ्यांशी काळे ओघळ आहेत का? पाऊस थांबल्यावर दोन तासांनी पुन्हा बघा. बाकी भिंत सुकली आणि एक पट्टा ओलाच राहिला, तर त्या पट्ट्याच्या वर कुठेतरी गळती आहे. आणि पाऊस नसतानाही ओला राहणारा डाग म्हणजे मोरी, नळ किंवा नंतर काढलेला संडास. त्याचा पावसाशी संबंध नाही. मोबाइलवर प्रत्येक ठिकाणाचा फोटो घ्या, तारखेसकट. कानबाईच्या सणासाठी घर रंगवायचा विचार असेल तर आतून खुशाल रंगवा, बाहेरच्या भिंतीला पाऊस उघडेपर्यंत हात लावू नका.

एक गोष्ट मात्र या आठवड्यातच करा. कठड्याच्या किंवा सज्ज्याच्या सुट्या विटा, लोंबणारे प्लास्टरचे तुकडे काठीने खाली पाडून घ्या, खाली दोर बांधून रस्त्याची ती बाजू बंद ठेवून. खाली दुकानं आहेत, गिऱ्हाईक उभं राहतं. वीट पडायला मुहूर्त लागत नाही.

आता त्या भेगेकडे येतो, कारण तिच्यात आपल्या मुलखाची खूण आहे. मे महिन्यात उघडते आणि पावसात मिटते, म्हणजे खाली काळी माती आहे. ती उन्हाळ्यात आक्रसते, पाणी प्याली की फुगते, आणि पाया तिच्याबरोबर वर-खाली होतो. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या, पायऱ्या-पायऱ्यांनी जाणाऱ्या भेगा बहुधा याच्याच. अशी भेग आज सिमेंटने भरली तर पुढच्या मे महिन्यात शेजारून नवीन उघडेल, आणि पावसात मिटायला जागा न मिळाल्याने भिंत दुसरीकडे ढकलली जाईल. म्हणून आधी वर्षभर मोजमाप. भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक स्क्रू पक्का करा, दोन्हींच्या माथ्यावर बारीक खूण करा, आणि महिन्याच्या एक तारखेला कॅलिपरने त्यांच्यातलं अंतर घ्या. साधा प्लास्टिकचा कॅलिपरही चालतो. तो नसेल तर एटीएम कार्ड ०.७६ मिलिमीटर जाड असतं. एक जातं, दोन जातात, तीन जातात, एवढं लिहून ठेवलं तरी चालेल. भेगेच्या टोकाला पेन्सिलने आडवी रेघ आणि तारीख घाला, म्हणजे लांबी वाढली तर कळेल. उन्हाळ्यात उघडून पावसात मूळच्या आकड्यावर परत येणारी भेग सांभाळता येते. दर वर्षी थोडी जास्त उघडी राहणारी भेग म्हणजे पाया एका बाजूला खचतोय, तिथे इंजिनिअर हवाच. दरम्यान पन्हाळाचं, मोरीचं, एसीचं पाणी त्या कोपऱ्याच्या पायाशी पडू देऊ नका. तिथली जमीन कधी चिखल तर कधी कोरडी, असं होत राहिलं की भेग बंद व्हायची नाही.

पाऊस उघडल्यावर, ऑक्टोबरात, शिडी लावून भिंत हाताने तपासायची. लाकडी हातोडी किंवा थापीच्या मुठीने हळू ठोकत जा. भरीव जागी खणखणीत आवाज येतो, पोकळ जागी बद्द. बद्द आवाजाच्या जागेभोवती खडूने रेघ मारा, समोरून फोटो काढा. कामाचा नकाशा तयार झाला. मग भिंतीचा मसाला कशाचा आहे ते बघा, कारण त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. दर्जेच्या आतून, सिमेंटच्या मागून, सुपारीएवढा तुकडा काढा आणि पाण्याच्या पेल्यात टाका. पाच-दहा मिनिटांत तो विरघळून तळाशी गाळ झाला तर आत माती आहे. आपल्याकडच्या अनेक वाड्यांत बाहेर पक्की वीट चुन्यात आणि आत पांढरीच्या (गावठाणाच्या) मातीतलं बांधकाम असतं. तसाच राहिला, नखाने खरवडता आला, आणि मोडल्यावर आत मोहरीएवढ्या पांढऱ्या कळ्या दिसल्या तर चुना. नख लागलंच नाही आणि रंग राखाडी, तर ते वरून भरलेलं सिमेंट. आत माती निघाली तर भिंतीत पाणी जाऊ न देणं दुपटीने महत्त्वाचं. माती वाहून गेली की बाहेरची वीट एकटी उभी राहते, आणि पोट येतं ते तिथे.

कुणी इंजिनिअर काँक्रीट ठोकून बघायचा रिबाउंड हॅमर घेऊन आला आणि त्याच्या तक्त्यावरून विटेच्या भिंतीचा निकाल सांगू लागला, तर तो आकडा मानू नका. जुन्या दगड-विटेच्या इमारतींचं काम केलेला माणूस बघा. तो भिंतीची जाडी मोजेल, ओळंबा घेईल, तुळईच्या टोकाशी टोकदार सळई टोचून लाकूड बघेल, पाया बघायला एक खड्डा घ्यायला सांगेल.

कामाचा क्रम पाण्यापासून. गच्ची आणि कठडा पहिले. कठड्याच्या भिंतीला पाऊस तीन बाजूंनी लागतो, म्हणून सगळ्यात आधी तीच कुजते. माथ्यावर शहाबादी फरशी बसवा, दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच पुढे काढलेली, उतार गच्चीकडे, आणि खालच्या अंगाला कडेपासून इंचभर आत खाच मारलेली. ती खाच नसेल तर पाणी फरशीच्या पोटाला चिकटून परत भिंतीवर येतं. पावसाचा पाइप ११० मिलिमीटरचा घ्या, क्लिपांवर भिंतीपासून इंचभर सुटा ठेवा, आणि त्याचं तोंड गटारात न्या, ओट्यावर सोडू नका.

पिंपळ ओढून काढायचा नाही. बोटभर रोपाचं मूळ आत दोन-तीन फूट गेलेलं असतं, ओढलं की कठडाच बरोबर येतो. बुंधा भिंतीलगत करवतीने कापा. कापल्या कापल्या ताज्या चिरेवर तणनाशक लावावं लागतं, नाहीतर पावसाळ्यात चार फुटवे फुटतात. ग्लायफोसेट परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्यानेच वापरावं असा केंद्राचा आदेश २०२२ मध्ये निघाला, तेव्हा ते काम त्याला सांगा. मूळ वाळलं, सहज सुटू लागलं, की तेवढ्या विटा उतरवून मूळ काढा आणि त्याच विटा चुन्यात परत बसवा.

मग रस्त्याची उंची. हा तुमच्या खालच्या ओलीचा मोठा भाग आहे, आणि याच्याकडे कुणी बघत नाही. बांधताना जोत्याच्या काळ्या दगडाने ओल अडवावी अशी रचना होती. दगड पाणी पीत नाही, प्यायला तर त्याच्या दर्जा पितात. निम्मा जोता रस्त्याखाली गेला की रस्त्याचं पाणी विटेच्या जवळ येऊन उभं राहतं. रस्ता तुम्हाला खाली नेता येणार नाही. पण भिंतीलगत आपल्या हद्दीत नऊ-दहा इंच रुंदीची पट्टी खोदून मूळ जोता उघडा करता येतो. तळाला फरसबंदीचा उतार गटाराकडे, ४० ला १ एवढा, आणि वर लोखंडी जाळी, म्हणजे दुकानात जाणाऱ्याचा पाय अडकणार नाही. पायाच्या दगडाखाली मात्र खोदू नका. जोत्याच्या दगडाला परत प्लास्टर नको, टाइल्स तर मुळीच नकोत. त्याच्या दर्जा चुन्याने भरा आणि तो काळाभोर उघडा ठेवा.

आता चुना. काम दिवाळीनंतर सुरू करायचं आणि फेब्रुवारीत संपवायचं. मार्चनंतर आपल्याकडचं ऊन चुन्यातलं पाणी तासाभरात ओढून घेतं. चुना नुसता वाळून घट्ट होत नाही. ओल असतानाच हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन तो दगड होतो. झटकन वाळला तर बोटाने पुसला जाईल अशी पावडर उरते, आणि मग लोक म्हणतात चुना टिकत नाही. दिवाळीनंतर लागणारा चुना पोळ्याच्या सुमाराला भिजवा. किती लागेल त्याचा हिशोब: तुमची बाजू ६२४ चौरस फूट, दारं-खिडक्या वजा जाता पावणेपाचशे धरा, म्हणजे पावणेपाच ब्रास. १२ मिलिमीटर रुंद दर्ज २५ मिलिमीटर खोल भरायची तर एका ब्रासला नासाडीसकट सुमारे ६० लिटर मसाला लागतो. १ भाग चुना, ३ भाग वाळू, म्हणजे ब्रासला २० लिटर भिजका चुना आणि ६० लिटर वाळू. चुना वाळूच्या फटीत बसतो म्हणून बेरीज ८० होत नाही. दर्जांसाठी शंभर लिटर, खालचं सिमेंट प्लास्टर काढून तिथे करायच्या चुन्याच्या गिलाव्याला साठ-सत्तर लिटर धरा. एक किलो चांगल्या कळीतून (भाजलेल्या, न भिजवलेल्या चुन्याच्या खड्यांतून) साधारण दोन लिटर भिजका चुना निघतो, म्हणजे ८५ ते १०० किलो कळी आणून ठेवा.

पोत्यातला भुकटी चुना घेऊ नका. तो बऱ्याचदा दुकानातच हवा खाऊन मेलेला असतो. कळी घ्या, आणि घ्यायच्या आधी एक खडा पाण्यात टाकून बघा. दोन-पाच मिनिटांत फुटला, सळसळला, वाफ आली तर जिवंत. नुसता बसून राहिला तर परत. भिजवताना लोखंडी पिंपात आधी तीन भाग पाणी, मग त्यात थोडी थोडी एक भाग कळी. उलटं करायचं नाही, कळीवर पाणी ओतलं की उकळी अंगावर उडते. प्लास्टिकचं पिंप उष्णतेने वितळतं. चष्मा आणि रबरी हातमोजे घालायचेच, मुलं लांब ठेवायची. डोळ्यात गेलाच तर स्वच्छ पाण्याच्या धारेखाली पंधरा-वीस मिनिटं धुवायचं आणि तसंच डॉक्टरकडे. थंड झाल्यावर बारीक जाळीतून गाळून घ्या, वर दोन इंच पाणी ठेवून झाका. तीन आठवडे ही किमान मुदत. दोन-अडीच महिन्यांत तो लोण्यासारखा होतो, करणीला चिकटून राहतो.

वाळू नदीची, खरखरीत, धुतलेली. सगळ्यात मोठा कण दर्जेच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्शाहून मोठा नको, म्हणजे तुमच्याकडे ४ मिलिमीटर. गाळ बघायला काचेच्या बाटलीत निम्मी वाळू घ्या, मिठाचं पाणी भरा, जोरात हलवा, तीन तास ठेवा. खाली वाळू बसते, वर मातीचा थर. दहा सेंटिमीटर वाळूवर आठ मिलिमीटरपेक्षा जाड थर आला तर ती वाळू पुन्हा धुवा. जिथे ओल कायम आहे त्या खालच्या भागाला सुर्खी (विटेची भुकटी) घाला: १ चुना, १ सुर्खी, २ वाळू. सुर्खी ओलीतही धरते. पण ती कमी भाजलेल्या विटेची हवी. जळक्या, काळपट विटेचा चुरा रंग देतो, ताकद देत नाही. गूळ, हिरडा, बेलफळ, उडीद यांबद्दल लोक फार विचारतात. जुने गवंडी घालत असत आणि त्याचा उपयोगही आहे, पण प्रमाण चुकलं की गुळाने चुना धरायला उशीर लागतो आणि मुंग्या येतात. भिजलेला चुना, स्वच्छ वाळू आणि नीट ओलावा या तिन्हींवर पैसे खर्च करा, हिरडा नाही मिळाला तर अडत नाही.

काम सुरू करण्याआधी मागच्या भिंतीवर तीन फूट बाय तीन फुटांचा नमुना करून घ्या आणि चार आठवडे सोडून द्या. बारीक तडे गेले तर मसाल्यात पाणी किंवा चुना जास्त झाला. बोटाला भुकटी लागली तर लवकर वाळला. रंगही तेव्हाच कळतो, ओला मसाला बघून ठरवू नका.

सिमेंट काढताना हात राखायला सांगा. छोटी हातोडी, धारदार पातळ छिन्नी, छिन्नी दर्जेच्या रेषेत. ब्रेकर नको. कटर मशीन आडव्या दर्जेच्या मधोमध एक चीर पाडायला वापरता येतं, उभ्या दर्जेत अजिबात नको, तिथे वीट कापलीच जाते. जिथे सिमेंट विटेला इतकं धरून आहे की काढताना विटेची कड तुटते आणि शेजारची वीट शाबूत आहे, तिथे ते राहू द्या. सगळं काढायचं या हट्टापायी विटा गमावण्यात अर्थ नाही. परांचीचे आडवे बांबू भिंतीत भोकं पाडून खोचू देऊ नका, दोन रांगांची स्वतंत्र परांची उभारा. समोरून वायर जात असेल तर आधी महावितरणला कळवा.

खालचं चार फुटांचं प्लास्टर ऑक्टोबरातच उतरवा आणि भिंत उघडी ठेवा. भिंत वाळायला ढोबळ हिशोब इंचाला एक महिना. दीड फुटाची भिंत दोन्ही बाजूंनी वाळली तरी नऊ महिने. आपल्याकडची कोरडी हवा थोडी घाई करेल, पण त्यावर विसंबू नका. म्हणून वरच्या दर्जा यंदा, खालचा गिलावा फेब्रुवारीपर्यंत भिंत वाळलीच तर तेव्हा, नाहीतर पुढच्या दिवाळीनंतर. तोवर पांढरा लोणा (बाहेर आलेला क्षार) फुलेल. तो कोरड्या ब्रशने झाडून सुपात गोळा करा आणि फेकून द्या. पाण्याने धुतला तर विरघळून परत आत जातो. खूपच असेल तर मुलतानी माती आणि भिजवलेल्या कागदाचा लगदा अर्धा इंच थापा, पूर्ण वाळू द्या, काढा. दोन-तीनदा केलं की बराच क्षार निघून येतो.

दर्ज भरायची ती रुंदीच्या दुपटीहून जास्त खोल मोकळी करून, तुमच्याकडे किमान २५ मिलिमीटर. उथळ भरलेली दर्ज वर्षा-दोन वर्षांत पट्टीसारखी निघून येते, आणि ठेकेदाराची चोरी नेमकी इथेच असते. पट्टी घालून मोजा. आतली धूळ ब्रशने काढा, आदल्या संध्याकाळी भिंत भिजवा, सकाळी पुन्हा शिंपडा. वीट ओली दिसावी पण पाणी चमकू नये. मसाला घट्ट, हातात गोळा होईल इतका. दर्जेएवढ्या अरुंद पट्टीने आठ-दहा मिलिमीटरचे थर दाबत भरा. अंगठ्याचा ठसा उठत नाही पण नखाची रेघ उमटते, तेव्हा पुढचा थर. शेवटचा थर विटेच्या तोंडाबरोबर किंवा केसभर आत, विटेवर पसरलेला नको. विटेची कड झिजून गोल झाली असेल तर आणखी आत घ्या, नाहीतर दर्ज रुंद दिसते आणि पातळ कडा निघून जातात. थोडा घट्ट झाल्यावर ताठ ब्रशने ठोकायचं, त्याने आकसल्याच्या बारीक भेगा मिटतात. मग ओली गोणपाटं, सात ते दहा दिवस. भिंतीवर धार मारायची नाही, गोणपाट ओलं ठेवायचं. तुमची बाजू दक्षिणेला किंवा पश्चिमेला असेल तर समोर हिरवं शेडनेट टांगा आणि ऊन फिरेल तशी बाजू बदलत काम करा.

ज्या विटेची कातडी अर्ध्या इंचाहून जास्त गेली ती बदला. तिच्या चारी बाजूंच्या दर्जा मोकळ्या करून वीट आतून फोडून काढा, शेजारच्या विटांना धक्का नको. एका वेळी सलग चार-पाचपेक्षा जास्त काढू नका. नवीन वीट त्याच मापाची हवी. आजची वीट आकाराने वेगळी पडते, म्हणून पाडल्या जाणाऱ्या जुन्या घराची वीट मिळवा. चुन्यातली वीट साफ निघते. तिला ठोकून आवाज ऐका, आणि बसवण्याआधी भिजवा. नुसता पापुद्रा गेलेली पण आतून घट्ट वीट तशीच राहू द्या.

वरून रंग म्हणजे चुन्याचा, चार-पाच पातळ हात, दुधाएवढा पातळ, थोडा डिंक घालून. किंवा काहीच नाही. वॉटरप्रूफ, प्लास्टिक, सिलिकॉन काहीही विटेवर नको, मोफत दिलं तरी. वाळूचा फवारा, ऍसिड, जोराचा पाण्याचा पंप यांनी भिंत 'साफ' करून देतो म्हणणाऱ्यालाही नाही म्हणा. तिन्हींनीही विटेची कातडीच निघते.

दुकानांच्या पाट्यांचे लोखंडी खिळे विटेतून काढून घ्या. लोखंड गंजताना मूळच्या कितीतरी पट फुगतं आणि वीट चिरते. परत लावताना स्टेनलेस स्टीलचे, आणि भोक दर्जेत पाडायचं, विटेत नाही. नुकसान झालं तर दर्ज दुरुस्त होते, वीट होत नाही.

कागदपत्रांचं: महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम २६५-अ प्रमाणे ३० वर्षांहून जुन्या इमारतीची तपासणी नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घेऊन प्रमाणपत्र महापालिकेला द्यायचं असतं. ते यंदा करून घ्याच. दिरांशी बोलतानाही त्याचा उपयोग होईल. दुकानं भाड्याने आहेत, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ ने दुरुस्ती मालकाच्या अंगावर आहे. ती टाळली तर भाडेकरू १५ दिवसांची नोटीस देऊन स्वतः करू शकतो आणि वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंत वळती करू शकतो. त्यांना आधीच विश्वासात घ्या, परांची त्यांच्याच दारात उभी राहणार आहे.

ठेका ठोक रकमेत देऊ नका. दर्जा मोकळ्या करणं, दर्जा भरणं, वीट बदलणं, गिलावा, परांची, प्रत्येकाचा वेगळा दर ब्रासवर किंवा नगावर लिहून घ्या. दर्जा मोकळ्या केल्यावर स्वतः मोजल्याशिवाय भरायला परवानगी नाही, हेही कागदावर. दहा टक्के रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवा. चुन्याचं काम कधी केलं नाही असा गवंडी असेल तर नमुन्याच्या त्या तीन फुटांवर त्याला आधी हात बसवू द्या. सिमेंटची सवय असलेल्या हाताला पाणी जास्त घालायची आणि कडा गुळगुळीत घोटायची ओढ असते. घोटलं की चुन्याचं दूध वर येतं आणि तिथेच तडे जातात.

ओळंब्याचे आकडे, भेगेचं ऑगस्टचं आणि नोव्हेंबरचं माप, आणि पेल्यातल्या तुकड्याचं काय झालं ते कळवा. आत माती निघाली तर खालच्या गिलाव्याचं प्रमाण आणि पोकळ जागा भरायची पद्धत बदलावी लागेल, ती तेव्हा सांगू.